खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या जुन्या बुलेटची ॲल्युमिनियम कव्हरं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर रत्नागिरीत, समुद्राच्या अगदी जवळ. वडिलांची १९८६ ची बुलेट ३५० काही वर्षं पडवीत उभी होती, आता ती पुन्हा चालू करायची आहे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या ॲल्युमिनियम कव्हरांवर पांढरे डाग आलेत, हात फिरवला की खरखर लागते, काही ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे आहेत. एक मेकॅनिक म्हणतो बफ (फिरतं कापडी चाक) मारून वर क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंग, मारा. दुसरा पावडर कोटिंग करा म्हणतो, तिसरा क्रोम. ऐकायचं कोणाचं? की सरळ नवीच कव्हरं घ्यायची?

तिघंही तुम्हाला चकाकी कशी आणायची ते सांगतायत. चकाकी कुठलाही बफिंगवाला एका दिवसात आणून देईल. तुमची खरी अडचण त्यानंतरची आहे: ती चकाकी रत्नागिरीच्या चार महिन्यांच्या पावसात आणि उरलेल्या आठ महिन्यांच्या खाऱ्या वाऱ्यात कशी टिकणार? त्यामुळे मी उलट टोकाकडून सुरुवात करतो. वरून संरक्षण काय द्यायचं ते आधी ठरवा, मग पॉलिश किती करायचं ते आपोआप ठरतं.

माझं मत आधीच सांगतो. तुमच्या गाडीची कव्हरं उघडीच ठेवा, म्हणजे धातूवर कायमचा कुठलाही थर नको; हातानं नीट पॉलिश करा, वर मेण लावा आणि ते मेण वेळच्या वेळी पुन्हा लावत राहा. लॅकर नको, क्रोम तर अजिबात नको. पण हे एका अटीवर. गाडीजवळ राहून महिन्या-दीड महिन्यानं अर्धा तास देणारं कुणीतरी हवं. तुम्ही नोकरीला पुण्या-मुंबईत आणि गाडी गावी, असं असेल तर उत्तर थोडं बदलतं. त्याबद्दल खाली लिहिलंय. गाडी रोज फिरणार की सणावाराला निघणार, पडवीला पावसाची झड लागते की नाही, यावरही बरंच अवलंबून आहे.

आता ते पांढरं काय आहे ते समजून घेऊ, कारण बहुतेक चुकीचे उपाय ते न समजल्यामुळे होतात. ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की त्याच्यावर लगेच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर धरतो. हा थर आपल्या कामाचा आहे, तोच खालच्या धातूला वाचवतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं करतो, तसं इथं होत नाही. पण मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. फुटलेल्या जागी धातू आत आत खाल्ला जातो आणि त्यातून निघालेली पांढरी भुकटी तोंडाशी साचते. तिच्यात मीठ आणि ओल दोन्ही धरून राहतात, म्हणून खड्डा आणखी खोल जातो. म्हणजे वरची पांढरी भुकटी पुसली तरी काम झालेलं नसतं; खड्ड्याच्या तळाचं मीठ निघालं पाहिजे. नाहीतर वरून कितीही महागाचं लॅकर मारा, आतून तेच चालू राहणार.

पहिलं काम तपासणीचं. कव्हर आत्ता उघडं आहे की त्यावर आधीच कुणी लॅकर मारलंय? जुन्या गाडीनं एवढ्या वर्षांत किती हात पाहिलेले असतात ते सांगता येत नाही. एका कोपऱ्यात ऑटोसोलसारखी मेटल पॉलिश बोटभर घ्या आणि जुन्या बनियनच्या चिंधीनं घासा. चिंधी लगेच काळी झाली तर धातू उघडा आहे. काळा होतो तो घासून निघालेला ॲल्युमिनियमच. चिंधी पांढरीच राहिली किंवा किंचित पिवळट झाली तर मधे लॅकर आहे. शंका राहिली तर थिनरचा बोळा लावून बघा, जुनं साधं लॅकर चिकट होऊन हाताला येतं. टू-पॅक क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारलेलं लॅकर, असेल तर थिनरला ते दाद देत नाही, पण चिंधीची खूण तिथंही खरी ठरते.

लॅकर निघालं तर ते पूर्ण काढावंच लागेल. पेंट रिमूव्हर ब्रशनं जाड लावा, फुगून सुरकुत्या पडल्या की लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा आणि टाकीच्या, मडगार्डच्या रंगाला एक थेंबही लागू देऊ नका. बुलेटच्या टाकीवरच्या हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की परत तशा ओढून देणारे हात शोधत बसावं लागतं.

आता धुणं. तेलाचा चिकटा रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशनं काढा, मग भांडी घासायच्या पातळ साबणाच्या कोमट पाण्यानं, आणि शेवटी भरपूर साध्या पाण्यानं. खड्ड्यांवर जुना टूथब्रश गोल गोल फिरवा. हे तीन-चार वेळा करा, घाई करू नका. मीठ पाण्यातच विरघळतं, ते पॉलिशनं निघत नाही. इंजिन थंड असतानाच धुवा. आणि काही गोष्टी गाडीपासून लांब ठेवा: कॉस्टिक सोडा, मोरी साफ करायची पावडर, टॉयलेट क्लीनर, फरशीचं ॲसिड. आम्ल आणि अल्कली दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. कॉस्टिकमध्ये टाकलेलं कव्हर फसफसून बाहेर येतं तेव्हा काळपट राखाडी झालेलं असतं, कारण वरचा ॲल्युमिनियम विरघळून ओतकामातला सिलिकॉन मागे उरलेला असतो. चिंच-लिंबू तांब्या-पितळेला ठीक, इथं नको. लोखंडी वायर ब्रश आणि काथ्यासारखी लोखंडी जाळीही नको. त्यांचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके उमटतात. घासायचंच असेल तर नायलॉनचा ब्रश वापरा.

कव्हर खोलायचं की इंजिनावरच घासायचं? इथं दोन बाजूंना दोन वेगळी उत्तरं आहेत.

उजवीकडचं टायमिंग कव्हर, इंजिन खोलायचं नसेल तर, जागेवरच हातानं पॉलिश करा. या कव्हरमध्ये तेलाचे पंप बसलेले असतात आणि बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला, जाणारं तेल याच कव्हरमधल्या वाटेनं क्रँकमध्ये शिरतं. हे कव्हर खोलून बफिंगवाल्याकडे दिलं तर बफचा साबण (बफवर लावायची पॉलिशची वडी), कापसाचे तंतू आणि धातूची भुकटी त्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसते. वरून धुतलं तरी ती निघत नाही, आणि जी निघत नाही ती पहिल्या काही किलोमीटरमध्ये बेअरिंगपर्यंत पोचते. शिवाय आतला कॉर्कचा वॉशर खोलताना खराब झाला आणि तसाच परत बसवला तर बिग एंडला जाणाऱ्या तेलाचा दाब कमी होतो. चकाकीसाठी एवढी जोखीम घ्यायची गरज नाही. इंजिनाचं काम निघालेलंच असेल तर गोष्ट वेगळी. मग पंपाचे भाग काढून, वाटा आतून धुऊन, दाबाच्या हवेनं फुंकून साफ करता येतात. वाळूचा मारा मात्र कुठल्याच कव्हरला नको, टायमिंग कव्हरला तर मुळीच नको.

डावीकडचं क्लचचं कव्हर, म्हणजे बाहेरचं चेन केस, खोलायला सोपं. मधोमध एकच मोठा नट असतो. त्याआधी डावा फुटरेस्ट काढावा लागतो, आणि तुमच्या गाडीला मागचा ब्रेक डाव्या पायाला असल्यामुळे ब्रेकचा पेडलही वाटेतून बाजूला करावा लागतो. खाली पसरट ट्रे ठेवा, कव्हर सुटलं की तेल एकदम येतं. आत अल्टरनेटरचं मॅग्नेट आहे, त्यामुळे उघड्या चेन केसजवळ घासकाम करू नका. लोखंडी कीस तिथंच जाऊन चिकटतो. कव्हर काढून लांब न्या, आणि उघडी बाजू स्वच्छ कापडानं झाकून ठेवा. खोलायच्या आधी नवं रबरी सील आणून ठेवा. जुनं बहुधा दगड झालेलं असतं, आणि ते परत बसवून गळती लागली की लोक नट जोरानं आवळतात. एकाच नटावर सगळा ताण असल्यामुळे कव्हर वाकतं आणि मग नव्या सीलनंही गळती थांबत नाही.

आता खरं काम, पेपर मारण्याचं. वॉटर पेपर ४००, ६००, ८००, १०००, १५०० असे आणा; आकडा मोठा तितका पेपर बारीक. ३२० चा एखादा जवळ असू द्या, पण हात त्याच्याकडे सहज जाऊ देऊ नका. नियम असा की ज्या सर्वांत बारीक पेपरनं डाग निघतो, त्यापासून सुरुवात करायची. आधी ६०० नं बघा, जमलं नाही तर ४००. पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून सपाट भागावर रबराच्या तुकड्याला गुंडाळून मारा. नुसत्या बोटांनी मारलं की बोटांच्या जागी लाटा पडतात आणि पॉलिश झाल्यावर त्या लख्ख उठून दिसतात. पहिला पेपर आडवा मारला तर पुढचा उभा. उभ्या रेघांत एकही आडवी रेघ उरली नाही की पुढच्या पेपरला जायचं. लोक इथंच घाई करतात. ४०० ची एक रेघ राहून गेली तर १५०० नं ती निघत नाही, उलट भोवतीचा भाग चमकल्यामुळे ती जास्तच उठून दिसते. दोन पेपरांच्या मधे कव्हर धुवा आणि बादलीतलं पाणी बदला. जाड पेपरचा एखादा कण बादलीत राहिला तर तो शेवटपर्यंत ओरखडे काढत राहतो.

कव्हरच्या कडा, स्क्रूच्या भोकांभोवतालची जागा आणि उठावाची अक्षरं असतील तर ती, यांच्यावर पेपर हलका ठेवा. मूळ ओतकामाची तीक्ष्ण कड एकदा गोल झाली की कव्हर कितीही चमकलं तरी ते घासून संपवलेलं दिसतं. सीलच्या किंवा पॅकिंगच्या बसण्याच्या जागेला पेपर लावायचा नाही.

खड्ड्यांचं काय? उथळ खड्डे ४०० पर्यंत निघून जातील. खोल असतील ते राहू द्या. एका खड्ड्यासाठी सगळं कव्हर त्याच्या तळापर्यंत खाली आणणं मला पटत नाही. धातू एकदाच जातो, आणि ही गाडी अजून बरीच वर्षं चालायची आहे. खड्डा आतून स्वच्छ असला की पुरे. पॉलिश झाल्यावर तो बारीक काळा ठिपका दिसतो, आणि जवळपास चाळीस वर्षं समुद्राकाठी राहिलेल्या गाडीवर तो शोभतो. गंमत म्हणजे ही गाडी जन्मलीही समुद्राकाठीच. त्या काळात बुलेट बनायची ती मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात, आणि तेही किनाऱ्यावरचंच गाव.

१५०० नंतर दोन रस्ते. हातानं मेटल पॉलिश, किंवा बफ. हातानं केलेल्या पॉलिशला थोडी मऊ, दुधाळ झाक राहते आणि जुन्या बुलेटवर मला तीच आवडते. आरशासारखी चमक हवी असेल तर बफिंगवाल्याकडे फक्त काढलेलं चेन केसचं कव्हर द्या. त्याला तीन गोष्टी सांगा. लोखंड-स्टीलवर वापरलेला बफ यावर चालवायचा नाही, वेगळा कापडी बफ घ्यायचा. आधी तपकिरी साबण, मग दुसऱ्या बफवर पांढरा. आणि भोकांवर, कडांवर दाबायचं नाही. तुम्ही पेपर स्वतः मारून दिलात तर त्याला दाबायची गरजच पडत नाही, म्हणून पेपरचं काम त्याच्यावर सोडू नका. घरी ड्रिलला बफ लावून करणार असाल तर मास्क आणि चष्मा घाला, कव्हर बफच्या खालच्या अर्ध्या भागाला लावा आणि कडेवरून बाहेरच्या दिशेनं फिरवा. बफ कडेत अडकला तर कव्हर हातातून हिसकावून भिरकावतो. ब्रासो वापरणारे बरेच आहेत. ते मुळात पितळेसाठीचं आहे, त्यात अमोनिया असतो. वापरलंत तर लावून वाळत ठेवू नका, लगेच पुसून धुऊन टाका.

म्हणजे इथपर्यंतचा क्रम असा: लॅकर तपासणं, मीठ धुऊन काढणं, टायमिंग कव्हर जागेवर आणि चेन केस खोलून, पेपर बारीक करत जाणं, मग पॉलिश. आता मूळ वादाकडे येऊ, वर काय लावायचं.

लॅकर का नको म्हणतो? आरशासारख्या गुळगुळीत ॲल्युमिनियमवर लॅकरला धरायला काही नसतं. सुरुवातीला ते काचेसारखं दिसतं. मग बुटाची टाच घासते, खडी उडते, कुणीतरी पाना टेकवतो, आणि एक बारीक टवका उडतो. तिथून खारी ओल लॅकरच्या खाली शिरते आणि धाग्यासारख्या वळणावळणाच्या पांढऱ्या रेघा पसरायला लागतात. स्क्रूच्या डोक्यांपासून त्या बऱ्याचदा सुरू होतात, कारण स्क्रू आवळताना लॅकर तिथं हमखास चिरतं. उघड्या कव्हरवर डाग आला तर तेवढाच डाग पॉलिश करून संपतो. लॅकरखाली आला तर सगळं लॅकर उतरवून पुन्हा शून्यापासून काम. घाटावर, कोरड्या हवेत, बंद गॅरेजमध्ये राहणाऱ्या गाडीला लॅकर चांगली वर्षं देतं, तिथं मी ते नाकारत नाही. तुमच्याकडे नको. आणि टू-पॅक क्लिअर घरी फवारायचा विचार असेल तर तोही सोडा. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतात आणि कापडी मास्क त्यांना अडवत नाही.

पावडर कोटिंग टिकाऊ आहे, पण ते धरण्यासाठी पृष्ठभाग आधी खरबरीत करतात आणि मग सुमारे १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. कव्हर रंगवलेलं दिसतं, धातूचं दिसत नाही, आणि मूळ पॉलिश कायमची जाते. क्रोमसाठी ॲल्युमिनियमवर आधी जस्त, तांबं, निकेलचे थर द्यावे लागतात. त्यात एखादं सूक्ष्म छिद्र राहिलं की खाऱ्या ओलीत खालचं ॲल्युमिनियम वेगानं खाल्लं जातं आणि वरचं क्रोम फोडासारखं फुगतं. कुणी ॲनोडायझिंग (विजेनं ऑक्साइडचा थर जाड करणं) सुचवलं तर तेही टाळा. सिलिकॉन असलेल्या ओतीव कव्हरवर ते करडं आणि ठिगळासारखं येतं.

म्हणून मेण. पॉलिश झाल्यावर रॉकेलनं पुसा, साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या. मग गाड्यांच्या रंगाला लावतात ते कार्नोबाचं घट्ट मेण अगदी पातळ लावा, धूसर झालं की मऊ कापडानं पुसा. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. जाड थराचा फायदा नाही, तो फक्त धूळ धरतो. खड्ड्यांमध्ये मात्र टूथब्रशनं मेण भरा. ओल तिथंच बसत होती. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरायला लागले की मेण संपलं असं समजा. तुमच्याकडे ते महिन्या-दीड महिन्यानं होईल, पावसात भिजत फिरलात तर आधीच.

जून ते सप्टेंबर मात्र मेणावर अवलंबून राहू नका. रत्नागिरीत या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मे अखेर कव्हरं धुऊन वाळवा आणि लॅनोलिनवाला (लोकरीतल्या मेणाचा) गंजरोधक स्प्रे किंवा साध्या व्हॅसलीनचा पातळ हात द्या. दिसायला मळकट वाटेल, दसऱ्याला रॉकेलनं पुसून टाकलं की खालची चमक तशीच असते. तुम्ही बाहेरगावी राहणार असाल तर वर्षभर हेच ठेवा, फक्त सुट्टीला आलात की पुसा. खोबरेल तेल लावू नका, ते खवट होऊन चिकटतं. वापरलेलं इंजिन ऑइलही नको, त्यात आम्लता आणि काजळी असते. गाडीवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर किंवा हवा खेळणारं कव्हर घाला. समुद्रावरून फिरून आलात की इंजिन निवल्यावर एक बादली गोडं पाणी मारा. माझ्या मते बाकी सगळ्या उपायांपेक्षा ही एक बादली जास्त काम करते.

स्क्रूंबद्दल. टायमिंग कव्हरचे जुने लोखंडी स्क्रू गंजले असतील तर ते बदलताना लोक स्टेनलेसचे ॲलन बोल्ट घालतात. दिसायला छान, पण स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि मिठाचं पाणी एकत्र आले की आट्यांमधलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि बोल्ट कायमचा धरून बसतो. प्रत्येक आट्याला पाणी न सोडणारं ग्रीस किंवा अँटी-सीझ लावूनच बसवा. जुना स्क्रू निघत नसेल तर पेचकसानं डोकं खराब करू नका. आदल्या रात्री भेदक तेल सोडा आणि सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हरवर (ठोका दिला की फिरणारा पेचकस) हातोडीचा एक नेमका ठोका द्या.

शेवटी, नवीच कव्हरं घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटची कव्हरं बाजारात मिळतात, पण बसण्यात फरक असतो, आणि तुमचं मूळ कव्हर तुमच्या इंजिनावर इतकी वर्षं बसलेलं आहे. तडा गेला असेल तर आर्गन वेल्डिंग होतं; पॉलिशनंतर त्या जागेचा रंग किंचित वेगळा दिसेल एवढंच. बदलायचं कारण एकच, सील बसण्याची जागा खाल्लेली असणं. चेन केसचं कव्हर काढल्यावर ते जाड काचेवर पालथं ठेवा आणि कडेनं टॉर्च फिरवा. उजेड आत कुठेच शिरला नाही तर कव्हर ठेवा. एखाद्या जागी शिरला तर तो भाग वेल्डिंगनं भरून सपाट करून घेता येतो का ते लेथवाल्याला दाखवा, आणि तो नाही म्हणाला तरच नवं कव्हर बघा.